आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे

पहिली कादंबरी हातावेगळी केलेला लेखक मुद्रितशोधनाच्या निमित्ताने भेटला, की एक वाक्य हमखास ऐकू येते: "आयएसबीएन मिळाला, आता कॉपीराइटची काळजी मिटली." हे वाक्य खोडून काढण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून एकदा ते लिहूनच टाकतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाणित क्रमांक, बहुतेकांच्या परिचयाचा असतो. मलपृष्ठावरील बारकोडजवळ छापलेला हा क्रमांक 2007 पासून 13 आकडी झाला, त्याआधी तो 10 आकडी होता. भारतीय पुस्तकांवर त्याची सुरुवात 978-81 किंवा 978-93 अशी दिसते. पुढचे आकडे प्रकाशक आणि पुस्तक ओळखण्यासाठी असतात आणि शेवटचा आकडा आधीचे बारा नीट उतरवले आहेत की नाही, हे पडताळण्यासाठी असतो. कापडी बांधणी, साधी बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था हा क्रमांक विनामूल्य देते, आणि स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी स्वतः अर्ज करू शकतो. त्यामुळे नवख्या लेखकाला दिलेल्या दरपत्रकात "आयएसबीएन शुल्क" अशी वेगळी ओळ दिसली, की माझी लाल पेन्सिल आपोआप तिकडे वळते. हा क्रमांक म्हणजे पुस्तकाच्या दर्जावरचा शिक्का नव्हे आणि मालकीचा पुरावाही नव्हे. दुकानदाराला आणि ग्रंथपालाला नेमकी आवृत्ती सापडावी, एवढेच त्याचे काम.

कॉपीराइट कोणाकडून मिळवावा लागत नाही. 1957 च्या कायद्यानुसार कादंबरी कागदावर किंवा संगणकात उतरली, की त्यावरील हक्क लेखकाचा होतो. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. 500 रुपये भरून ती करता येते आणि वाद न्यायालयात गेल्यास तिचे प्रमाणपत्र प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते. पुरावा म्हणून स्वतःलाच टपालाने हस्तलिखित पाठवून पाकीट न फोडता कपाटात ठेवण्याची प्रथा मात्र आता सोडून द्यावी. "माझा विषय चोरतील" या भीतीपोटी कादंबरी प्रकाशकाला न दाखवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की नुसती कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच ते स्पष्ट केले आहे.

खरी गफलत याच्या पुढे होते. जो हक्क आयएसबीएनमुळे मिळालेला नाही, तो आयएसबीएनमुळे जातही नाही. तो जातो करारावरील सहीने. पुस्तक छापले जाणार या आनंदात लेखक मुखपृष्ठाच्या रंगावर तासभर बोलतो आणि दीड पानी करारपत्र उभ्याउभ्या सही करून परत देतो. त्यात "सदर कादंबरीचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील" असे असेल, तर तेरा आकडे कोणाच्याही नावावर असोत, अनुवाद, ऑडिओबुक आणि चित्रपट यांबाबत पुढे लेखकाला विचारण्याचे कारणच उरत नाही. याउलट "मराठी छापील पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे प्रकाशन हक्क" एवढेच लिहिलेले असेल, तर बाकी सगळे लेखकाकडेच राहते. मी दुसऱ्या वाक्याचा आग्रह धरतो, आणि पहिले वाक्य बदलायला प्रकाशक तयार नसेल तर कादंबरी घरी परत आणावी, या मताचा आहे.

या बाबतीत कायदा लेखकाची बऱ्यापैकी बाजू घेतो. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. चहा पिताना दिलेला शब्द पुरेसा नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच हक्क दिला, असे मानतात. प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरला नाही, तर तेवढे हस्तांतर रद्द ठरते, अर्थात करारात वेगळे काही नसेल तर. कायद्याने भरून काढलेल्या या जागा "कायमस्वरूपी" या एका शब्दाने लेखक स्वतःच्या सहीनिशी बुजवून टाकतो. शेवटचे मुद्रित तपासताना शीर्षकपानामागे वर्तुळातल्या 'सी'पुढे, म्हणजे कॉपीराइटच्या खुणेपुढे, कोणाचे नाव आहे, तेही पाहावे. एकदा तिथे लेखिकेऐवजी प्रकाशनसंस्थेचे नाव जुळवलेले मला सापडले होते, आणि विचारल्यावर "नेहमीचा मजकूर आहे" असे उत्तर मिळाले.

एका परिचित लेखकाची पहिली आवृत्ती संपली आणि प्रकाशकाने दुसरी काढण्यास नकार दिला, तेव्हा हे गृहस्थ जुना आयएसबीएन "सोडवून" घेण्यासाठी दोन महिने पत्रे लिहीत बसले. तो सोडवण्याची गरजच नव्हती. नव्या प्रकाशकाच्या आवृत्तीला नवाच क्रमांक मिळणार होता. मी करारपत्र पाहायला मागितले, तेव्हा कळले की सही केलेली एकमेव प्रत प्रकाशकाच्याच कपाटात आहे. पुढचे पत्र आम्ही ती प्रत मागण्यासाठी लिहिले.