स्कोलिओसिसचं ऑपरेशन

पाठीचा कणा बाजूला वाकतो आणि वाकता वाकता पिळलाही जातो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. नुसता पुढे वाकला तर कुबड. एक्स-रेवर बाकाचा कोन मोजतात (कॉब अँगल, १९४८ पासून), १० अंशांपासून पुढे स्कोलिओसिस धरतात, वाढत्या वयात साधारण २५ ते ४० अंशांना ब्रेस (धडाभोवती घालायचा आधाराचा साचा), आणि ४५-५० च्या वर गेला की ऑपरेशनचा विषय निघतो, कारण छातीच्या भागातला एवढा मोठा बाक उंची वाढायची थांबल्यावरही वर्षाला साधारण एखादा अंश सरकतच राहतो. १०० च्या आसपास गेला की दम लागायला लागतो.

पहिलं ऑपरेशन कोणाचं, यावर मतं जुळत नाहीत. कोणी भागवतातल्या कुब्जेपासून सुरुवात करतात, कृष्णाने तिची पावलं दाबून हनुवटीला धरून तिला वर ओढलं ते, पण ते फार तर ट्रॅक्शनचं, म्हणजे ओढून ताण देण्याचं, वर्णन म्हणता येईल, इतिहासात धरायचं कारण नाही. फ्रान्समध्ये १८३०-४० च्या सुमारास ज्यूल गेराँ पाठीचे स्नायू कापून बाक सरळ करायचा, पण त्याच्या निकालांवर तेव्हाच मोठा वाद झाला आणि ती पद्धत मागे पडली. खरी सुरुवात न्यूयॉर्कची, १९११. तिथे रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोन सर्जननी एकाच वर्षी मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन छापलं, अल्बीने नडगीचं हाड काढून वापरलं, हिब्जने मणक्याचंच हाड उकलून पसरलं, आणि दोन्ही मणक्यांच्या टीबीसाठी. स्कोलिओसिसवर हिब्जने ते १९१४ च्या सुमारास केलं असं बहुतेक ठिकाणी येतं. बरेच जण मात्र पॉल हॅरिंग्टनच्या स्टीलच्या रॉडपासून (ह्यूस्टन, लेख १९६२) मोजतात. पण त्याने पोलिओच्या पोरांत आधी नुसते रॉड घातले तेव्हा ते तुटायला, निसटायला लागले आणि शेवटी त्यालाही हाड जोडावंच लागलं, त्यामुळे पहिलेपणाचा मान हिब्जकडे जाणं जास्त बरोबर वाटतं. पुढे मेक्सिकोच्या लुकेच्या, रॉड मणक्यांना बांधायच्या तारा, १९८० च्या दशकात फ्रान्सच्या कोत्रेल-द्युबुसेची दोन रॉडची पद्धत, आणि आता मणक्यात मागून घुसवायचे पेडिकल स्क्रू.

आजचं ऑपरेशन असं: पालथं झोपवून पाठ मधोमध उघडतात, मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू, त्यात वाकवून घेतलेले रॉड, मग बाक सावकाश फिरवून सरळ करतात आणि मणक्यांचा पृष्ठभाग खरवडून वर हाडाचा चुरा पसरतात. रॉड फक्त धरून ठेवतो, काम हाड जुळण्याचं, त्याला सहा महिने ते वर्ष जातं. मज्जारज्जू ताणला गेला तर पाय जाऊ शकतात म्हणून सगळा वेळ नसांचं मॉनिटरिंग चालू असतं. १९७३ मध्ये स्ताग्नाराच्या गटाने दिलेली जुनी युक्ती अजून हाताशी ठेवतात, भूल हलकी करून पेशंटला ऐन ऑपरेशनमध्ये पायाची बोटं हलवायला सांगायची. लहान मुलांत हाड जोडलं तर वाढ खुंटते, त्यांना लांबवता येणारे रॉड.

कोकणात हे बहुतेक वेळा घरीच लक्षात येतं, दहा ते पंधरा वयाच्या मुलींत जास्त, एक खांदा वर, गणवेशाचा फ्रॉक एका बाजूला लटकलेला. मुलीला ओणवं करून मागून बघायचं, एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या की डॉक्टरकडे. हाडवैद्याच्या चोळण्याने हा बाक जात नाही, वेळ मात्र जातो. एक्स-रे रत्नागिरी, ओरोसला निघतो, ऑपरेशनला सहसा मुंबई नाहीतर तळकोकणातून गोव्याला बांबोळी गाठतात.

नंतर चालणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सुरू होतं. जोडलेला भाग मात्र कायमचा वाकत नाही, वाकायचं ते कमरेच्या खुब्यातून. फक्त छातीचा भाग जोडलेला असेल तर फारसं अडत नाही, पण जोडणी खाली कंबरेपर्यंत गेली असेल तर विळीवर बसून नारळ खोवणं, लावणीला तासन्तास ओणवं राहणं जड जातं, हे आधीच विचारून घ्यावं. लग्नाबद्दल घरचे विचारतातच. बाळंतपणाला सहसा अडचण नसते, फक्त जोडणी खालपर्यंत असेल तर पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यायला त्रास होऊ शकतो.

रॉड सहसा काढत नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी तुटला तर बहुतेक वेळा त्या जागी हाड जुळलेलंच नसतं, मग दुखत असेल किंवा बाक परत वाढत असेल तर पुन्हा उघडून हाड घालावं लागतं.