हातकताईची लोकर आणि रेशीम: रंग पक्का किती, कच्चा किती
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"मागच्या वेळचा लाल आणि आत्ताचा लाल जुळत नाही हो." ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि ती खोटी नसते. स्वेटरची एकच बाही उरलेली असताना नवी लड आणावी आणि ती जराशी फिकी निघावी, म्हणजे वैताग येणारच. तेव्हा आधीच सांगतो: एका विणकामाला लागणारी सगळी लोकर एकदम घ्या. लडीच्या चिठ्ठीवर घाण्याचा नंबर असतो. पुऱ्यांचा असतो तसा रंगाचाही घाणा असतो, आणि दोन घाणे कधी तंतोतंत सारखे उतरत नाहीत. जास्त घेतलेली लड उकललेली नसेल तर आम्ही परत घेतो.

फरक पडतो तो असा. आमचा लाल मंजिष्ठेच्या मुळांचा. शंभर ग्रॅम लोकरीला जवळजवळ तेवढीच मुळं लागतात. मूळ किती जुनं, कुठल्या मातीतलं, यावर लाल केशरीकडे झुकणार की किरमिजीकडे, ते ठरतं. पातेलं सत्तर अंशांच्या वर गेलं की मुळातला तपकिरी रंग सुटतो आणि लाल मळकट होतो. म्हणून ते उकळू न देता तासभर गरम ठेवतो आणि रात्रभर तसंच निवू देतो. त्यात पाण्याचा खेळ वेगळाच. एका उन्हाळ्यात पाणीकपात होती म्हणून टँकर मागवला. पाणी बोअरचं निघालं, त्यात लोह, आणि अख्खा घाणा जुन्या विटेच्या रंगाचा झाला. आम्ही कपाळाला हात लावला. एका ताईंना मात्र तीच छटा इतकी आवडली की अजून मागायला येतात. आम्हाला ती पुन्हा काढता आलेली नाही.

सूत

ठाण्यात लोकर म्हटलं की जुन्या मंडळींना पोखरण रोडची रेमंडची गिरणी आठवते. गिरणीच्या सुताची सवय असलेला हात आमचं सूत चाचपतो आणि म्हणतो, इथे जाड, तिथे बारीक. बरोबर आहे. हाताने कातलेल्या सुतात इतकं होणारच. धागा जरा ओढल्यावर तुटत असेल, पीळ सुटून तंतू मोकळे होत असतील, तर तो मात्र आमचा दोष. लड परत आणा. सूत दोन पदरी असतं. कातताना पीळ एका दिशेने आणि पदर जोडताना उलट दिशेने देतो, त्यामुळे विणलेलं कापड एका बाजूला तिरकं ओढलं जात नाही.

लोकर दोन प्रकारची ठेवतो. दख्खनी मेंढीची सातारा-सांगलीकडून येते. घोंगडीची लोकर ती हीच. काळी, करडी, राठ. अंगाला टोचते हे लपवत नाही. तिची आसनं करा, पिशव्या करा. काळ्यावर कुठलाच रंग दिसत नाही, पण करड्यावर नीळ चढवली की पावसाळी आभाळासारखा जो रंग येतो तो पांढऱ्या लोकरीवर येत नाही. गळ्याशी, कानाशी घालायचं असेल तर मेरिनो मेंढीची मऊ लोकर घ्या. ती परदेशातून येते, उगाच "आपल्या मातीतली" म्हणून विकणार नाही.

"रेशीम आहे तर चमकत का नाही?" कारण ते कोशातून अखंड उकललेलं नाही, कातलेलं आहे. तुतीच्या चांगल्या कोशातून हजार मीटरच्या आसपास अखंड तंतू निघतो, पण त्यासाठी कोश आतल्या किड्यासकट उकळावा लागतो. पतंग कोश फोडून बाहेर पडला की तंतू जागोजागी तुटतो आणि तो लोकरीसारखा कातावा लागतो. आमचं टसर, म्हणजे रानातलं रेशीम, असं फुटक्या कोशांचं आहे. विदर्भात त्याला कोसा म्हणतात. त्याचा किडा जंगलात ऐनाच्या, अर्जुनाच्या पानांवर वाढतो आणि त्या रेशमाचा मधासारखा मूळ रंग प्रत्येक रंगाखालून डोकावतो. पांढरंशुभ्र टसर मागू नका, ते ब्लीच केल्याशिवाय होत नाही.

रंग

लोकरीला आधी तुरटी लागते, वजनाच्या दहा-बारा टक्के. तिच्याशिवाय बहुतेक रंग नुसते वरवर बसतात आणि धुण्यात जातात. पिवळा आम्ही झेंडूचा आणि डाळिंबाच्या सालीचा करतो. दसऱ्यानंतर जांभळी नाक्यावरच्या फुलवाल्यांकडे उरलेला झेंडू आणतो आणि वाळवून वर्षभर पुरवतो. फाल्गुनात येऊरला पळस फुलतो, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलं फूल तोडत नाही.

हळदीची लोकर मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. रंग सुरेख, पण पुरता कच्चा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात उडून जातो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं तीच ही किमया. पातेल्यात ती कामाची, स्वेटरवर नाही.

निळ्याची गोष्ट निराळी. पांढऱ्या कपड्यांना घालायची दुकानातली नीळ ती ही नव्हे. ही झाडाच्या पानांची. ती पाण्यात विरघळतच नाही. चुना आणि गूळ घालून आंबवली की पाण्यातला प्राणवायू संपतो, ती विरघळते आणि मगच धाग्यात शिरते. लड बाहेर काढली की पिवळट हिरवी असते, हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते. लोकरीला चुन्याचा कडकपणा सोसत नाही, म्हणून लोकरीसाठी निळीची नांद वेगळी आणि सौम्य ठेवतो. सुरुवातीला गडद निळं सूत विणताना बोटं निळी होतील. तो वर राहिलेला रंग आहे, आतला नव्हे. दोन-तीन धुण्यांत थांबतो. थांबला नाही तर कळवा.

काळपट छटांसाठी हिरडा आणि लोखंडाचं पाणी, म्हणजे जुने खिळे गुळाच्या पाण्यात आंबवलेले. वास असा की शेजारचे गाळेवाले खिडक्या लावून घेतात. लोह जास्त झालं तर रेशीम कालांतराने विरतं, म्हणून टसरवर गडद काळा करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मोरचुदाने, म्हणजे तांब्याच्या क्षाराने, हिरवा छान खुलतो हेही खरं, पण ते तांब्याचं पाणी गटारातून शेवटी खाडीतच जाणार. आमचा हिरवा म्हणजे झेंडूवर नीळ.

घरी नेल्यावर

कोमट पाण्यात रिठा किंवा लोकरीचा सौम्य साबण. चोळू नका, पिळू नका, गरमातून एकदम गारात टाकू नका; लोकर आटते, तंतू एकमेकांत अडकून तिचा घट्ट नमदा होतो आणि त्यावर इलाज नाही. मशीनमध्ये घातलेला माल परत घेत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा. लाखेच्या किरमिजी रंगाला धुण्याचा सोडा लागला तर जांभळट डाग पडतो. गॅलरीतल्या उन्हात महिनाभर ठेवलेला कुठलाही वनस्पतीचा रंग थोडा उतरेल, नीळ आणि मंजिष्ठा सगळ्यात कमी.

ठाण्याच्या पावसाळ्यात खरी भीती कसरीची. कसर घामट, मळक्या लोकरीवर आधी पडते, तेव्हा धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा. वेखंडाचे तुकडे घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. कसर दिसलीच तर कपडा नीट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरचे हसतील, पण अळ्या मरतात.

गाळा सोमवारी बंद. रंगवण्याचा दिवस बुधवार. बघायला येणार असाल तर डाग पडले तरी चालतील असे कपडे घालून या.