बारावीनंतर ऑप्टोमेट्री: प्रवेश, कागदपत्रं आणि पुढची वाट

निकाल लागला की कोल्हापुरातले पालक चष्म्याचा नंबर काढता काढता विचारतात, "पोरीला तुमच्यासारखं व्हायचंय, काय करायला लागतंय?" त्यांच्यासाठी हे सविस्तर.

आधी ऑप्टोमेट्रिस्टचं, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्याचं, काम समजून घ्या. अंधाऱ्या खोलीत चार वर्षांच्या पोराच्या डोळ्यात रेटिनोस्कोपचा उजेड फिरवायचा, बाहुलीतली लालसर झाक कुठं सरकते ते बघत भिंगं बदलायची. झाक सरकायची थांबली की आपण पोरापासून किती अंतरावर बसलोय त्याचा हिशेब वजा करून नंबर मिळतो. पोराला अक्षरओळख नसली तरी चालतं. आळशी डोळा, म्हणजे ज्याची नजर नीट वाढलेली नाही असा डोळा, लहानपणीच सापडला तर सुधारतो. ऑपरेशन मात्र नेत्रतज्ज्ञच करतात.

पात्रता म्हणजे बारावी विज्ञान. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हवं, काही ठिकाणी गणितही चालतं. गुण साधारण 50 टक्के, राखीव प्रवर्गाला सवलत. पदवी आजवर बहुतेक ठिकाणी तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी आहे. प्रवेश परीक्षा आहे का, ते त्या विद्यापीठाच्या यंदाच्या माहितीपत्रकात बघा.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास दाखला, फोटो हे सगळं सहज जमतं. खोळंबा होतो तो जात वैधता प्रमाणपत्राचा. त्यासाठी वडिलांकडचे जुने पुरावे लागतात, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला गावी जावं लागतं. म्हणून पडताळणी समितीकडे अर्ज अकरावीतच करा. नॉन क्रिमीलेअरची मुदत तपासा. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून काढून ठेवा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती त्या कॉलेजला, त्या कोर्सला लागू आहे का, हे फी भरायच्या आधी विचारा.

माझ्या ओळखीच्या एका मुलीनं एका खोलीतल्या संस्थेत पैसे भरले. वर्षभर रुग्ण पाहायला मिळाला नाही आणि हाती आलेला कागद कुठंच चालला नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं ऑप्टोमेट्रिस्टची नोंदणी आणली आहे. त्यामुळं पदवी मान्य विद्यापीठाची आहे ना, आणि कॉलेजला स्वतःची डोळ्यांची ओपीडी आहे ना, हे स्वतः जाऊन बघा. सकाळी दहाला जा, बाकावर किती रुग्ण बसलेत ते मोजा.

पुढं नेत्र रुग्णालयं, ऑप्टिकल दुकानं, कॉन्टॅक्ट लेन्सचं काम, भिंग कंपन्या, दोन वर्षांचं एम.ऑप्टोम (पदव्युत्तर पदवी) करून शिकवणं, असे रस्ते आहेत. मला स्वतःला लो व्हिजनचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं. नजर फार अधू झालेल्या आजी योग्य भिंग हातात आल्यावर पोथीतली ओळ स्वतः वाचतात, तेव्हा सोबत आलेली नातवंडंही गप्प होऊन ऐकत बसतात.