कोलपॅक म्हणजे पासपोर्ट बदलणं नव्हे

मालवणात टेनिस बॉलचे सामने बघताना कुणीतरी ठोकून देतोच, "आफ्रिकेची पोरां इंग्लंडाक गेली ना, तेंनी पासपोर्टच बदलल्यानी!"

साफ चूक. ते क्रिकेटपटू 'कोलपॅक' नियमाखाली इंग्लंडच्या काउंटी म्हणजे प्रादेशिक संघांकडून खेळायला गेले. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो मारोस कोलपॅक हा स्लोव्हाकियाचा हँडबॉल गोलकीपर. जर्मनीतल्या परदेशी खेळाडूंच्या कोट्याविरुद्ध तो लढला, २००३ मध्ये युरोपीय न्यायालयात जिंकला. युरोपीय संघाशी करार असलेल्या देशांना, म्हणजे दक्षिण आफ्रिकेलाही, त्याचा फायदा झाला. काउंटीत हे खेळाडू 'परदेशी' धरले जात नसत; नागरिकत्व आफ्रिकेचंच. पण काउंटीशी असा करार असेतो देशाकडून खेळायचं नाही. ब्रेक्झिटमुळे २०२० अखेर वाट बंद.

कोलपॅकवर यॉर्कशायर काउंटीला गेलेला आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज डुआन ऑलिव्हिये आठवतो? जानेवारी २०२२, जोहान्सबर्ग कसोटी. आपल्या पुजारा-रहाणेला लागोपाठच्या चेंडूंवर त्यानेच काढलं, कोलपॅकची वाट बंद झाल्यावर पुन्हा आफ्रिकेकडून खेळताना.