‘विचित्र’ या एका अर्थाखाली दडलेले इंग्रजी शब्द : पार्श्वभूमी

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत फिरणारी कोणतीही शब्दयादी उघडा. स्ट्रेंज, ऑड, पिक्युलियर, वियर्ड, एक्सेंट्रिक, बिझार हे शब्द एकाखाली एक दिसतील आणि सगळ्यांसमोर एकच अर्थ असेल : विचित्र. समानार्थी शब्द ओळखायचा असेल तर तेवढ्यावर गुण मिळतात. स्वतः वाक्य लिहायची वेळ आली की घोटाळा होतो. हे शब्द वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत आले आणि आपल्या उगमाची खूण त्यांनी अजून सोडलेली नाही.

मराठवाड्यात हा गुंता थोडा जास्तच आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. तिकडे मुंबई इलाख्यात मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्येच छापून झाला होता. इकडे मात्र सरकारदरबारची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादला सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. इंग्रजी शब्दाचा अर्थ आधी ‘अजीब’ आणि मग घरी आल्यावर मराठीत ‘अजब’ किंवा ‘विचित्र’, असा तो दोन भाषांतून गाळून यायचा. २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी एका शब्दाला एक अर्थ देण्याची सवय टिकून राहिली. वाईट याचं वाटतं, की मराठीकडे या छटांसाठी शब्द भरपूर आहेत. आक्रीत, इपरीत, भलतंच, तऱ्हेवाईक, विक्षिप्त, एककल्ली, छांदिष्ट, जगावेगळं, अफलातून : शाळेच्या वहीत यांतला एकही उतरत नाही.

इंग्रजीतला सगळ्यात जुना थर ओळखीच्या कल्पनेवर उभा आहे. जुन्या इंग्रजीत नवलाच्या गोष्टीला ‘सेल्डकूथ’ म्हणत, म्हणजे क्वचित ठाऊक असलेली. तो शब्द मागे पडला, पण त्याचा भाऊबंद ‘अनकूथ’ टिकला. त्याचा मूळ अर्थ नुसता ‘अनोळखी’. पुढे अनोळखी म्हणजे असंस्कृत अशी उडी मारून तो आज गावंढळ, असभ्य माणसाला लागतो. ‘अनकॅनी’ हा स्कॉटलंडकडचा, त्याच्याही मुळाशी ‘जाणणे’ आहे. आपल्याला कळणार नाही अशा शक्तीचा भास झाला, अंगावर काटा आला, तरच तो शब्द चालतो. ‘क्वेंट’ची गोष्ट उलटी. लॅटिनमधल्या ‘ज्ञात’ अर्थाच्या शब्दापासून तो फ्रेंचमार्गे आला. आधी चतुर, मग कलाकुसरीचा आणि शेवटी जुन्या वळणाचा पण गोड, असे त्याचे अर्थ बदलत गेले. पैठणमधला जुना वाडा क्वेंट; त्याला अनकॅनी म्हटलं तर वाचणाऱ्याला तिथे भूत दिसेल.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच बसली. त्या वाटेने आलेला ‘स्ट्रेंज’ लॅटिनच्या ‘बाहेरचा’ या अर्थाच्या शब्दाचं पोर आहे. आजही त्यात परकेपणा आहे : ओळखीच्या चौकटीबाहेरचं, ज्याचा उलगडा होत नाही ते. म्हणून अनोळखी माणूस तो स्ट्रेंजर. ‘मी या गावात नवीन आहे’ हे सांगताना मुलं स्वतःलाच स्ट्रेंज म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ‘मी जरा विचित्र आहे’ असं ऐकू जातं. तिथे स्ट्रेंजर हवं. ‘आउटलँडिश’ तर शब्दशः परदेशी होता. आज त्याला आपल्याकडचा ‘भलतंच’ चपखल बसतो.

‘ऑड’ मात्र उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या बोटींतून आला. त्यांच्या भाषेत त्याचा संबंध त्रिकोणाच्या टोकाशी होता. दोन कोपरे जोडीचे, तिसरा उरलेला. त्यावरून विषम संख्या आणि त्यावरून जोडीत न बसणारी कोणतीही गोष्ट. दाराशी जोडातली एकच चप्पल उरली तर ती ऑड. आपल्याच दारात कुणाची ते न ओळखू येणारी चप्पल दिसली तर ते स्ट्रेंज. उरल्यासुरल्याचा हा अर्थ आकड्यांनंतरही येतो आणि तिथेच एका आडव्या रेघेने गफलत होते. पन्नास या आकड्याला रेघेने जोडून ऑड लिहिलं तर ‘पन्नासच्या वर माणसं’. रेघ विसरली तर ‘पन्नास विक्षिप्त माणसं’. सभेच्या बातमीत ही चूक महागात पडते.

‘पिक्युलियर’चं मूळ मराठवाड्याच्या माणसाला लगेच पटेल. लॅटिनमध्ये ‘पेकू’ म्हणजे गुरंढोरं. आपला ‘पशू’ आणि हा शब्द एकाच मुळाचे. धन म्हणजे गुरं, त्यामुळे गुलामाला किंवा मुलाला स्वतःची म्हणून राखायला दिलेली मालमत्ता ती ‘पेक्युलियम’. तिच्यावरून पिक्युलियर म्हणजे ‘ज्याचं त्याचं, फक्त त्याचंच’. विचित्रपणाचा अर्थ फार नंतर चिकटला. दोन्ही अर्थ आज शेजारी नांदतात, निर्णय वाक्याच्या बांधणीवर होतो. लाल कंधारी ही कंधार भागाची गुरांची खास जात आहे, देवणी ही देवणी-उदगीरकडची. हे सांगताना शब्द जातीच्या नावानंतर, ‘टू’ घेऊन आणि पुढे प्रदेशाचं नाव लावून आला पाहिजे. तोच शब्द ‘जात’च्या आधी विशेषण म्हणून ठेवला तर लाल कंधारीत काहीतरी खोट आहे असं वाचलं जातं. पशुप्रदर्शनाच्या इंग्रजी पत्रकात ही अदलाबदल झाली, तर ज्याने पिढ्यान्‌पिढ्या जात राखली त्याच्या बैलाची विनाकारण बदनामी होते.

‘एक्सेंट्रिक’ ग्रीकमधून, खगोलशास्त्राच्या पोटातून आला. ‘केंद्राबाहेरचा’ हा त्याचा सरळ अर्थ. सगळं पृथ्वीभोवती फिरतं असं मानत त्या काळात, ज्या वर्तुळाच्या मध्यभागी पृथ्वी नाही ती कक्षा एक्सेंट्रिक. माणसांना तो सतराव्या शतकात लागू लागला. यंत्रशाळेत मूळ अर्थ अजून जिवंत आहे. वाळूजच्या कारखान्यांतल्या कुठल्याही टर्नरला, म्हणजे लेथ चालवणाऱ्याला विचारा. लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायचं यंत्र; त्यावर चार जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) मुद्दाम केंद्रापासून सरकवून पकडतात. केंद्र ५ मिलिमीटर सरकवायचं असेल तर पूर्ण फेऱ्यात डायल गेजने, म्हणजे जॉबला टेकवलेल्या काट्याच्या मापकाने, १० मिलिमीटरचा फरक दाखवला पाहिजे, कारण सरकवलेलं अंतर एका बाजूला वाढतं आणि तेवढंच दुसऱ्या बाजूला घटतं. नवखा मुलगा ५ दिसल्यावर थांबतो आणि भाग निम्म्यानेच सरकलेला निघतो. हे डोळ्यांसमोर ठेवलं की माणसाबद्दलचा अर्थही नेमका कळतो. एक्सेंट्रिक माणूस भरकटलेला नसतो. त्याची फेरी ठरलेली असते, फक्त केंद्र इतरांपेक्षा वेगळं असतं. कोशात त्याला ‘विक्षिप्त’ म्हणतात, पण संस्कृतात विक्षिप्त म्हणजे इकडेतिकडे फेकलेला. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमींतली, म्हणजे अवस्थांतली, तिसरी विक्षिप्त आहे आणि चौथी एकाग्र. त्यामुळे बऱ्याच वाक्यांत ‘एककल्ली’ अधिक जवळचा वाटतो.

‘वियर्ड’ आज कुणीही कशालाही म्हणतं, पण जुन्या इंग्रजीत तो नाम होता : नियती. वळणे, घडणे या अर्थाच्या ज्या मुळापासून तो आला त्याच मुळाचं आपलं ‘वर्तते’. इंग्लंडात तो जवळजवळ विस्मरणात गेला, स्कॉटलंडमध्ये तगला. शेक्सपिअरने मॅकबेथमधल्या तीन चेटकिणींना ‘वियर्ड सिस्टर्स’ म्हटलं ते नियती सांगणाऱ्या म्हणून. एकोणिसाव्या शतकातल्या कवींनी त्याला गूढ, भयाण असा रंग दिला आणि पुढे तो बोलण्यात सैल झाला. जुना मजकूर वाचताना ‘इपरीत’ डोक्यात ठेवावं, आजच्या गप्पांत ‘कसंतरीच’.

‘बिझार’ इटालियनमधून फ्रेंचमार्गे आला, मूळचा ‘तापट’. आता डोकं चक्रावेल इतकं विसंगत असेल तरच वापरावा. ‘फ्रीक’ म्हणजे सोळाव्या शतकात अचानक आलेली लहर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात ज्वारी, गहू आणि द्राक्षबागा झोडपणाऱ्या गारपिटीला इंग्रजीत ‘फ्रीक’ म्हणता येतं ते यामुळेच : निसर्गाची अवचित लहर. गावात तिला आक्रीत म्हणतात.

‘क्वीअर’ जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘विचित्र’ म्हणून भेटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून समलिंगी लोकांना हिणवायला तो वापरला गेला. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याच लोकांनी तो अभिमानाने स्वतःकडे घेतला. आज तो ओळख सांगणारा शब्द आहे. निबंधात ‘विचित्र’ या अर्थाने लिहूच नये.

उरला ‘अबनॉर्मल’, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी, कारण तो तपासणीच्या कागदावरून थेट घरात येतो. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. गुण्याला न लागलेलं ते अबनॉर्मल. किती सुटलंय हे शब्द सांगत नाही. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची हिमोग्लोबिनची खालची मर्यादा दर डेसिलिटर रक्तामागे १२ ग्रॅम आहे. अहवालात ११.८ आलं तरी तीच खूण पडते आणि ६ आलं तरी तीच. म्हणून मराठीत सांगताना ‘विकृत’ किंवा ‘बिघाड’ म्हणू नये. ‘ठरलेल्या मर्यादेबाहेर’ म्हणावं आणि लगेच आकडा व मर्यादा दोन्ही वाचून दाखवावेत.