काटा तपासलाय का?

दहावीच्या निकालाचा दिवस, अमळनेरमधली चहाची टपरी. पोराला ८८ टक्के, बापाला त्याच्या काळी ६८. बाप पेढा तोंडात टाकत म्हणतो, "आमना टाईमले पेपर भलता कठीन व्हता!" पोरगं हसतं. खरं कोण बोलतंय, हे दोघांच्या मार्कशीट शेजारी ठेवूनही कळत नाही.

शालेय परीक्षांसाठी स्वतंत्र प्राधिकरण हवं म्हटलं की चर्चा थेट कॉपी आणि पेपरफुटीवर जाते. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती मापनाची. रावेर-सावद्याकडे केळीची गाडी ज्या काट्यावर चढते, त्यावर वैधमापनचा शिक्का लागतो. दहावीच्या गणिताच्या पेपरला तसा शिक्का कोण मारतं? राज्य मंडळ १९६६ पासून आहे, खानदेश त्याच्या नाशिक विभागात येतो. पण पेपर दरवर्षी नवा, म्हणजे काटाच नवा.

यावर संख्याशास्त्रात एक झकास युक्ती आहे: सामाईक प्रश्न. समजा, यंदाच्या परीक्षेत २० गुणांचे प्रश्न गेल्या वर्षीचेच गुपचूप मिसळले. गेल्या वर्षी १०० गुणांच्या पेपरात सरासरी ६० होती, यंदा ५२. पोरं कच्ची की पेपर अवघड? सामाईक प्रश्नांकडे बघा. तिथे दोन्ही वर्षी सरासरी १२ असेल तर पोरं तशीच आहेत. आठही गुण पेपरने खाल्ले. पण यंदा तिथे ११ आली तर? गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून असं दिसलं, की सामाईक प्रश्नांत एका गुणाचा फरक पडला तर पूर्ण पेपरात साधारण चारचा पडतो. म्हणजे यंदाच्या पोरांना जुना पेपर दिला असता तर सरासरी ५६ आली असती. आली ५२. चार गुण पोरांच्या खात्यात, चार पेपरच्या. मग यंदाचे ५२ म्हणजे गेल्या वर्षीचे ५६. वर गुणांचा पसाराही (प्रमाण विचलन) जुळवावा लागतो, कारण हुशार आणि कच्च्या मुलांना पेपर सारखाच अवघड जात नाही.

"पर्सेंटाइल आहे की!" असं कुणी म्हणेल. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभरातले नव्वद जण तुमच्याइतके किंवा तुमच्या मागे, एवढंच. जेईई मेन या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या वेगवेगळ्या पाळ्यांना ते चालतं, कारण पाळ्या सरमिसळ वाटलेल्या असतात. दोन वर्षांची किंवा दोन बोर्डांची मुलं सारखीच असतात, हे मात्र गृहीत धरता येत नाही.

हॉल तिकीट पद्मालयाच्या गणपतीला टेकवून आणा, माझी हरकत नाही. फक्त 'स्वतंत्र' हा शब्द त्याच श्रद्धेने जपू नका. एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) ही केंद्राची संस्था २०१७ मध्ये परीक्षांसाठीच वेगळी काढली, तरी २०२४ च्या नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० वाले ६७ निघाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सामाईक प्रश्नांची खरी अडचण गुप्ततेची. बोर्डाचा पेपर सुटला की तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि पुढच्या वर्षी 'अपेक्षित'मध्ये. प्रश्न वर्षानुवर्षं कुलपात ठेवायचे, आधी मुलांवर आजमावायचे, तर त्यासाठी कायमची माणसं लागतात. शाळा सांभाळून पेपर काढणाऱ्या गुरुजींना ते झेपणारं नाही. शिवाय आजमावणीच्या प्रश्नांना गुण नसतात आणि ते कुठले, हे मुलांना सांगायचंही नसतं. पालकसभेत हे एकदा समजावून बघा.