मॉडेल 8: बॉनी-क्लाइडच्या शेवटाला असलेली, सिनेमात झाकली गेलेली रायफल

गँगस्टर सिनेमांत टॉमी गनचा, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणाऱ्या छोट्या मशीनगनचा, इतका बोलबाला आहे की त्याच काळातली रेमिंग्टन मॉडेल 8 समोर आली तरी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मुळात ही हरणं मारायची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे दर वेळी चाप ओढला की एकच गोळी. पेटंट 1900 चं, अमेरिकेत विक्री 1906 पासून, 1936 ला मॉडेल 81 आलं आणि 1950 ला तेही बंद झालं. पुढे जी जाड नळी दिसते ती खरी नळी नाहीच, ते वरचं कव्हर आहे, आत बार उडाला की नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) एकत्र मागे जातात, मग नळी एकटी पुढे येते, पुंगळी बाहेर उडते आणि मागोमाग बोल्ट नवीन काडतूस घेऊन येतो.

पण तिला खरं महत्त्व आलं ते 1930 च्या दशकात. गुन्हेगार फोर्ड व्ही-8 मधून पळायचे आणि टॉमी गनची पिस्तुलाची गोळी गाडीच्या पत्र्यापुढे कमी पडायची. मॉडेल 8 ची .35 रेमिंग्टन ही गोळी आरपार जायची. म्हणून पोलिसांनी शिकारीची हीच रायफल घेतली, पाच गोळ्यांच्या जागी मोठं मॅगझिन बसवून.

23 मे 1934, लुइझियाना. बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीसाठी सहा पोलीस झुडपात दबा धरून बसलेले, आणि क्लाइडला लागलेली पहिली गोळी एका तरुण डेप्युटी शेरीफने उसन्या आणलेल्या मॉडेल 8 मधून झाडली असं बहुतेक जण मानतात. सोबतच्या माजी टेक्सास रेंजरच्या (टेक्सास राज्याच्या पोलीस दलातल्या माणसाच्या) हातात नेमकं काय होतं, मॉडेल 8 की सलग गोळ्या झाडणारी ऑटोमॅटिक रायफल, यावर मात्र अजून वाद चालतो. 1967 च्या 'बॉनी अँड क्लाइड'ने हा प्रश्नच ठेवला नाही, झुडपातून सरळ मशीनगनचा सलग मारा दाखवला. सीन जबरदस्त आहे, मान्य, पण त्यामुळे लोकांच्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसलं आणि शिकारीच्या रायफलने केलेलं काम बाजूला पडलं, हे मला अजिबात पटत नाही. त्याच सिनेमात रेंजरला या दोघांच्या तावडीत सापडून अपमान सोसताना दाखवलंय, प्रत्यक्षात त्या दिवसाआधी त्यांची गाठच पडली नव्हती. रेंजरच्या घरच्यांनी सिनेमावाल्यांना कोर्टात खेचलं आणि 1971 ला तडजोड झाली.

2019 च्या 'द हायवेमेन'ने गोष्ट पोलिसांच्या बाजूने सांगितली, शेवटचा सीन तर घटना घडली त्याच रस्त्यावर शूट केला, आणि मॉडेल 8 पण परत दिसली. ओळखायची असेल तर ते जाड कव्हर बघा आणि उजव्या बाजूचा लांबलचक सेफ्टी लिव्हर, एके-47 बघितलेल्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल.